आज किती आले?

४ जानेवारी

निवृत्तीच्या दिवशी ऑफिसने दिलेली ही वही दोन वर्षं कपाटात पडून होती. आज काढली, कारण सकाळी मी नवऱ्याशी खोटं बोलले, आणि खरं काय ते कुठेतरी नोंदवल्याशिवाय मला घास गिळवणार नाही. चौतीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात टायपिंग केलं. बाहेर जाणाऱ्या पत्रात साहेब काय वाटेल ते लिहोत, फाइलची प्रत खरी हवी. ही फाइलची प्रत.

तर खरं असं की ह्यांच्या ब्लॉगवर काल चार जण आले. मी सांगितलं, चाळीस.

ऑगस्टमध्ये ह्यांना झटका आला. उजवा हात लुळा पडला, बोलणं अडखळायला लागलं. मिक्सर, इस्त्री, वॉशिंग मशीन दुरुस्तीचं अडतीस वर्षांचं दुकान बंद केलं. हत्यारांची पेटी पलंगाखाली गेली आणि हे पलंगावर, भिंतीकडे तोंड करून. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, यांना बोलतं ठेवा, नाहीतर आहे ती वाचाही जाईल. आता काय बोलतं ठेवायचं? धडधाकट असतानाही हा माणूस माझ्याशी दिवसाला वीस शब्द बोलायचा! शेवटी म्हटलं, अहो, दुरुस्त्या सांगा, मी टाइप करते. भाचीने ब्लॉग काढून दिला. हे एकेक शब्द आतून ओढून काढतात आणि मी, मिनिटाला पन्नास शब्दांची बाई, कीबोर्डवर बोटं ठेवून वाट बघत बसते. असे सव्वीस लेख झाले.

रोज चहा झाला की ह्यांचा एकच प्रश्न. "आज... किती आले?" मंगळवारी मी खरं सांगितलं, तीन. हे पलंगावर गेले ते दुसऱ्या दिवशी जेवायलाच उठले. म्हणून आज चाळीस. जरा वेळ माझ्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, "वा." आणि आपणहून म्हणाले, "लिही. इस्त्री."

चाळीस म्हटल्यावर इस्त्री निघाली. खोटं बोलल्याचं पाप लागायचं असेल तर लागो.

१२ जानेवारी

आज भाची आली होती. माझ्या बहिणीची ही थोरली एका ऑनलाइन बुटांच्या दुकानात कामाला आहे. लोकांनी सर्चमध्ये बूट शोधले की यांचेच आधी दिसले पाहिजेत, हेच तिचं काम. तिला स्वयंपाकघरात नेऊन सगळं सांगितलं. हसून हसून ओट्याला टेकली. मग म्हणाली, "मावशी, आकडा कमी सांगता येत नाही ना आता? मग खराच वाढवू."

तिने लेखांची नावं वाचली. ती मी दिलेली आहेत, 'एका पट्ट्याची आत्मकथा', 'इस्त्री रुसते तेव्हा' अशी. शाळेत निबंधाला माझा नंबर कधी चुकला नाही.

"मावशी, मशीन बंद पडलंय, आत कपडे भिजतायत, पाणी तुंबलंय. असा माणूस सर्चमध्ये 'आत्मकथा' टाकेल?"

"मग काय टाकेल?"

"वैतागून टाकेल, 'वॉशिंग मशीन आवाज करतं पण फिरत नाही'. तेच तुझ्या लेखाचं नाव."

मला रागच आला. पण खरं सांगायचं तर पटलं. ती म्हणाली, शोधणारा पहिल्या पानावरच थांबतो. "दुसऱ्या पानावर तू कधी गेलीस?" नाही गेले. दुसरं पान असतं हेच मला माहीत नव्हतं.

२० जानेवारी

सव्वीसच्या सव्वीस नावं बदलली. आत्मकथा पुसताना हात जड झाला. भाचीने सांगितल्याप्रमाणे ह्यांचं सांगणं एक, दोन, तीन अशा पायऱ्यांत बसवलं. पाल्हाळ काढून टाकलं.

आज कोणीतरी लेखाखाली लिहून गेलं! नाव लावलंय 'रिकामटेकडा'. म्हणतो, "काका, पहिल्यापासून सगळं वाचतोय. तुमच्या सांगण्यावरून मिक्सर चालू केला. बायको दोन दिवस झाले गोड बोलतेय, आता भीती वाटते." मी मोठ्याने वाचून दाखवलं. हे हसले. तोंड एका बाजूलाच वळतं, पण हसले. ऑगस्टनंतर पहिल्यांदा. मी गॅसकडे बघायच्या निमित्ताने आत गेले आणि डोळे पुसून आले.

स्वतः वाचा म्हटलं तर अक्षरं पळतात म्हणतात. घड्याळ तेवढं बरोबर सांगतात, गोळ्यांच्या वेळा मलाच आठवण करून देतात. झटक्याचं हे असंच असतं म्हणे, काही जातं, काही राहतं.

काल मी एकसष्ट सांगितले होते, आज चुकून अठ्ठावन्न म्हणाले. खरे होते सात. हे म्हणाले, "कमी... नको सांगूस." बिचाऱ्याला तीन कमी झाल्याचंही लागतं.

४ फेब्रुवारी

सतरा खरे. सांगितले पंच्याहत्तर. ह्या दोन आकड्यांमध्ये मी टांगलेली आहे. ऑफिसात एक अक्षर चुकलं तरी अख्खं पान पुन्हा करणारी मी!

भाचीने फोनवर सगळे लेख तपासले. म्हणाली, "मावशी, प्रत्येक लेखाच्या डोक्यावर एकच वाक्य का आहे? 'आधी प्लग खिशात.' सर्च इंजिनला वाटेल ही सगळी एकमेकांची नक्कल आहे. शिवाय माणूस आला की पहिल्या ओळीतच उत्तर हवं. हे कशाला?"

तिला सांगितलं, अगं, ते ह्यांचं अडकलेलं वाक्य आहे. डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं, झटक्यानंतर काही जणांच्या तोंडात एखादं वाक्य बसतं आणि तेच ते येत राहतं. इस्त्री असो, पंखा असो, ह्यांची सुरुवात "आधी... प्लग. खिशात." परवा मी मिक्सर पुसायला घेतला तर बाहेरच्या खोलीतून ओरडले, "प्लग खिशात!" म्हटलं, अहो, गाऊनला कुठला आलाय खिसा? तर कपाळाला हात लावून बसले. मी आपलं ते जसंच्या तसं टाइप करत आले होते, सांगणाऱ्याचा शब्द गाळायचा नाही म्हणून.

"मग काढ," भाची म्हणाली.

एकोणतीस लेखांतून एकोणतीस वेळा काढलं. ह्यांना बोलले नाही. तुमचं दुखणं लेखात दिसतंय, असं कोणत्या तोंडाने सांगणार?

१६ मार्च

वॉशिंग मशीनच्या पट्ट्याचा लेख सर्चच्या दुसऱ्या पानावर आला. दर तासाला बघते. पोळी तव्यावर टाकून बघायला जाते. दोन करपल्या. हे म्हणाले, "वास." मी म्हटलं, "येतोय तर येऊ दे."

काल खरे अठ्ठ्याऐंशी. मी सांगत आले होते नव्वदच्या आसपास. खोटं पुढे आणि खरं मागे धापा टाकत, असं चाललं होतं इतके दिवस. आता हातभर अंतर उरलंय.

हे आता काठी घेऊन दारापर्यंत जातात. मी काही म्हटलं की उलट बोलतात. वीस शब्दांचे पन्नास झालेत. डॉक्टरीणबाईंना काय बोलू नि काय नको असं झालंय.

३ एप्रिल

लागला! पहिल्या पानावर, आणि नुसता पहिल्या पानावर नाही, सगळ्यांच्या वर, चौकटीत. 'वॉशिंग मशीन आवाज करतं पण फिरत नाही' टाकलं की वरच मोठी चौकट येते आणि तिच्यात माझ्या सहा पायऱ्या. मशीन भिंतीपासून ओढा, मागचं झाकण काढा, निसटलेला पट्टा बघा, पट्टा आधी लहान चाकावर बसवून बोटांनी ताणून मोठ्या चाकावर घ्या, आणि पुढचं. लेख उघडायचीसुद्धा गरज नाही. भाची फोनवर किंचाळली, "मावशी, लोक वर्षानुवर्षं ह्या चौकटीसाठी मरतात!"

काल दोनशे सत्त्याण्णव. खरे. सकाळी ह्यांनी विचारायच्या आधीच मी सांगितलं.

"आज... खरंच?" असं म्हणाले आणि काठी टेकत कॉम्प्युटरपर्यंत आले. पानाच्या कडेला तो आकडा असतो, त्याच्यावर बोट ठेवून एकेक अंक वाचला. दोन. नऊ. सात. मग माझ्या डोक्यावर डावा हात ठेवला, एखाद्या पोरीच्या डोक्यावर ठेवावा तसा. अडतीस वर्षांत असलं काही केलेलं नाही ह्या माणसाने.

आता खोटं बोलायची गरज नाही. ही वही बंद करायला हरकत नाही.

१७ एप्रिल

वही बंद करायला हरकत होती.

सकाळी मिक्सर बंद पडला. हे म्हणाले, "मी सांगतो. तू... उघड." मला गंमत वाटली. पलंगाखालची पेटी काढली, मिक्सर टेबलावर उलटा घातला, पेचकस हातात घेतला. प्लग भिंतीतून काढून बाजूला टाकला होता, तेवढी अक्कल मला आहे.

"आधी प्लग खिशात."

"हो हो," म्हटलं आणि पेचकस लावला.

त्यांनी डाव्या हाताने टेबलावर असा काही आवाज केला की वाट्या हलल्या. माझ्या हातातून मिक्सर ओढून घेतला, वायर धरून प्लग वर खेचला आणि स्वतःच्या सदऱ्याच्या खिशात कोंबला. चेहरा लाल. मी घाबरले, पुन्हा झटका येतो की काय. म्हटलं, "अहो, शांत व्हा, काही नाही, ते तुमचं वाक्य अडकलंय."

"अडकलं नाही!" हे म्हणाले. आणि मग पाऊण तास घेऊन, एकेक शब्द ओढत, मला सांगितलं. दुकान दोघांनी मिळून काढलं होतं, हे आणि ह्यांचा मित्र. तो मित्र गिऱ्हाइकाच्या घरी मशीनचा पट्टा बसवत होता. प्लग काढलेला, जमिनीवर पडलेला. घरातल्या म्हाताऱ्या आजींना वाटलं, चुकून निघालाय. त्यांनी लावला. मशीनचं बटण चालूच होतं. मित्राच्या हाताची दोन बोटं पट्टा आणि चाकाच्या मध्ये. त्याने धंदा सोडला. त्या दिवसापासून दुकानाचा नियम, कुठलंही यंत्र उघडलं की प्लग उघडणाऱ्याच्या खिशात. हात आत असताना दुसऱ्या कोणाला सापडताच कामा नये.

"हे मला अडतीस वर्षांत का नाही सांगितलंत?"

"सांगायचं काय त्यात? तो... नियम."

म्हणजे दुसऱ्या कोणाला ही गोष्ट वेगळी सांगावी असं ह्यांना कधी वाटलंच नाही. कोणी विचारलं, जेवायचं कसं, तर आपण तोंड उघडा असं सांगतो का? तरी हे सांगत होते. प्रत्येक लेखात सांगत होते. आणि मी काढून टाकलं. मी, सांगणाऱ्याचा शब्द न गाळणारी!

ह्यांना काही न बोलता कॉम्प्युटरवर गेले. कालचा आकडा तीनशे बारा. पट्ट्याच्या लेखात पहिली ओळ घातली. सर्च उघडलं. चौकटीत तेच जुनं. पायरी एक, मशीन ओढा. पायरी चार, बोटांनी ताणा. प्लगचा पत्ता नाही.

भाचीला फोन केला. ती म्हणाली, सर्च इंजिन पुन्हा येऊन लेख वाचेल तेव्हा चौकट बदलेल. विनंती पाठवता येते. तासात येईल, नाहीतर आठवडा लागेल. मी म्हटलं, "आठवडा? रोज तीनशे माणसं!"

तिने तिकडे काहीतरी शोधून पाहिलं. मग म्हणाली, "अख्खा लेखच सर्चमधून तात्पुरता काढा, अशीही विनंती असते. त्याला साधारण एक दिवस लागतो. पण मावशी, मग तो कुठेच दिसणार नाही. आकडा परत खाली. चौकट परत मिळेल याची खात्री नाही."

उद्या डॉक्टरीणबाईंकडे जायचंय. हे आठवडाभर रोजचा आकडा घोकतायत, त्यांना स्वतःच्या तोंडाने सांगायचा म्हणून. आजचा, "तीनशे... बारा."

मी भाचीला म्हटलं, नुसती पुन्हा वाचायची विनंती टाक. काढायचं उद्या बघू.

१८ एप्रिल

ह्यांनी सांगितलं. एका दमात, न अडखळता. "तीनशे बारा जण." बाईंनी टाळी दिली, ह्यांनी डाव्या हाताने घेतली. मी बाजूला बसून होते आणि माझं लक्ष भिंतीवरच्या प्लगवर होतं.

घरी यायला दोन वाजले. चौकट जशीच्या तशी. लेखाखाली रिकामटेकड्याने लिहिलेलं होतं, वेळ सकाळी अकरा वीस:

"काका, मशीन बंद पडलं. पायरी चारवर आहे. पट्टा लहान चाकावर बसला, मोठ्यावर येत नाही. डाव्या हाताने ताणून धरलाय, उजव्याने टाइप करतोय. घरात लेकीचा गोंधळ चाललाय. पुढे काय?"

अकरा वीस. चौकट बघूनच हात घातला असणार, वरची नवी ओळ वाचलीच नसणार. मी टाइप केलं, "आधी प्लग काढून स्वतःच्या खिशात ठेवा." मिनिटाला पन्नास शब्दांच्या बाईला ती सहा शब्दांची ओळ तीनदा पुसून लिहावी लागली. पावणेतीन तासांनंतर काय उपयोग त्याचा! उत्तर नाही. चार वाजले, उत्तर नाही. सहा वाजले.

भाचीला सांगितलं, काढ तो लेख. आत्ता. तिने विनंती पाठवली. कालच पाठवायला सांगितली असती तर आज अकरा वीसला तो लेख कदाचित कोणालाच दिसला नसता. हे मी इथे लिहून ठेवतेय. एका टाळीसाठी मी एक दिवस थांबले.

१९ एप्रिल

उत्तर नाही.

सर्चमध्ये लेख अजून दिसतोय. वर चढवायला तीन महिने मरमर मेले, आणि आता खाली उतरवायला बसलेय. खाली उतर रे बाबा, असं त्या पडद्याला हात जोडून म्हणाले. हे बघत होते. "आज किती?" विचारलं. मी ऐकू न आल्यासारखं केलं.

दुपारी लेख निघाला. शोधून पाहिला, कुठेच नाही. पण रिकामटेकड्याचंही कुठे काही नाही. त्याचं खरं नाव माहीत नाही, गाव माहीत नाही, बायको गोड बोलली की त्याला भीती वाटते एवढंच माहीत आहे. आणि लेक आहे. लेक किती वर्षांची असेल? प्लग लावता येतो एवढी?

जेवण गेलं नाही.

२० एप्रिल

सकाळी ह्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले. म्हटलं, अहो, मी तुमचं वाक्य काढून टाकलं. सगळ्या लेखांतून. फेब्रुवारीपासून. मला वाटलं दुखण्याचं आहे. नंतर कळलं तरी एक दिवस मी लेख तसाच राहू दिला, तुम्हाला आकडा सांगायचा होता म्हणून. आणि कोणीतरी चौथ्या पायरीवर हात घालून बसलाय, दोन दिवस झाले त्याचा पत्ता नाही. सुरू झाले ती थांबलेच नाही. तेही सांगून टाकलं, की चाळीस खोटे होते, त्रेचाळीस खोटे होते, मार्चपर्यंतचे सगळे आकडे खोटे होते.

ह्यांनी खिडकीबाहेर बघितलं. इतका वेळ बघितलं की मला वाटलं, झालं, आता पलंग, आता भिंत, आता मी ह्यांना कायमची घालवली.

मग म्हणाले, "आकडे... मला माहीत होते. वाचता येतात मला. आकडे."

"मग बोलला का नाहीत?"

"तू... बसायचीस तिथे. कामाला. नाहीतर दिवसभर... माझ्या छातीकडे बघत. श्वास चालू आहे का." थोडं थांबून म्हणाले, "भीती वाटायची मला. तुझ्या तोंडाकडे बघून."

मी रडले. हे रडू देत बसले. मग काठीने कॉम्प्युटर दाखवला. "पण वाक्य काढलंस, ते वाईट केलंस." असं ते न अडखळता बोलले. मला कोणीतरी थोबाडीत मारावी असं वाटत होतं, ती ही बसली.

दिवसभर शेजारी बसून राहिले. मी एकेक लेख उघडला आणि एकेकात ओळ घातली. वरती नाही, पायऱ्यांतच, पायरी एक म्हणून, म्हणजे कोणी कुठूनही उचललं तरी ती सोबत जाईल. प्रत्येक वेळी हे म्हणायचे, "वाच." मी वाचायचे. अठ्ठेचाळीस लेख. पट्ट्याचा सर्वांत शेवटी, मोठ्या अक्षरांत.

२१ एप्रिल

रिकामटेकडा आला! सकाळी आठ दहा. "काका-काकू, माफ करा, पट्टाच तुटला, नवा मिळेपर्यंत दोन दिवस इकडे फिरकलो नाही. प्लग खिशातच होता, विचारता काय? पहिल्या दिवसापासून वाचतोय तुम्हाला. लेक प्लग शोधत आली होती, सापडेना म्हणून भोकाड पसरलं. पण काकू, तुमची ती ओळ फेब्रुवारीपासून लेखांत दिसत नव्हती. म्हटलं काकांची तब्येत बिघडली की काय."

मी ओरडून वाचलं. ह्यांनी डोळे मिटले आणि मान हलवत राहिले. पहिल्या चार जणांतला तो. चार जण यायचे तेव्हा चारही जणांना ती ओळ माहीत होती. मी उठून चहा टाकला, दोन चमचे साखर जास्त घातली. तीन दिवसांनी भूक लागली.

चहा घेऊन परत बसले तर खाली दुसरी कोणी बाई. नाव नाही.

"मंगळवारी तुमची चौकट बघून मशीन उघडलं. चौथ्या पायरीला सासूबाईंनी प्लग लावला. मधल्या बोटाचं नख गेलं आणि हाड मोडलं. बोट राहील म्हणतात. मी शिवणकाम करते. हे आधी सांगायला हवं होतं तुम्ही."

मंगळवार. पंधरा तारीख. मला काही माहीत नव्हतं तेव्हाचा दिवस. मी त्यात आडोसा शोधला, पण त्या बाईला कसला आडोसा?

हे वाचून दाखवायचं नव्हतं मला. पण माझ्या तोंडाकडे बघून ह्यांना कळलंच असावं. "वाच," म्हणाले. वाचलं.

"पुसू?" मी विचारलं. का विचारलं देव जाणे. इतकं होऊनही विचारलं.

"नाही. वरती लाव. सगळ्यांना दिसेल असं." मग म्हणाले, "लिही." मी बोटं ठेवली. "चूक आमची."

"माझी," मी म्हटलं.

"आमची. लिही. चूक आमची. ओळ आमच्याकडून गळली. तुमच्या हाताला... काय लागेल ते... आम्ही." पुढचं सापडेना त्यांना. आमचा फोन नंबर द्यायला सांगितला. दिला. एकही शब्द न बदलता, हे थांबले होते तिथे थांबून, तसंच पाठवलं.

संध्याकाळी तिचा फोन आला. हे बोलले तिच्याशी, मी नाही. मला नुसतं "हो... हो... चूक" एवढंच ऐकू येत होतं. शेवटी ह्यांनी तिला विचारलं, बोट वाकतं का. आणि स्वतःचा उजवा हात टेबलावर ठेवून, तिला दिसत नसताना, वाकवून बघितला. करंगळी हलली.

३ मे

लेख परत सर्चमध्ये सोडला. तिसऱ्या पानावर गेलाय. बाकीचेही घसरले. भाची म्हणते, सगळ्या लेखांत तेच वाक्य, पट्ट्याच्या लेखाच्या माथ्यावर ती बाई, वर कोण ठेवणार? "मावशी, थोडं मधे टाकलंस तरी चालेल गं." मी म्हटलं, नाही चालणार. तिलाही मंगळवारचं सांगितलं. ती म्हणाली, तिच्या हे डोक्यातच आलं नव्हतं. बुटांच्या दुकानात कोणाचं बोट जात नाही.

शिवणकामवाल्या बाईंचा काल पुन्हा फोन होता. प्लास्टर पुढच्या आठवड्यात निघेल. ह्यांनी विचारलं, मशीन दुरुस्त झालं का? नाही म्हणाल्या, भीती वाटते. हे म्हणाले, "मी सांगतो. फोनवर. तुमच्या मिस्टरांना." त्या थोड्या हसल्यासारख्या वाटल्या, असं हे म्हणाले. मला खात्री नाही.

चहा झाला. "आज... किती आले?"

"नऊ."

"खरे?"

"खरे नऊ. या, बघा."

उठले नाहीत. बशीत चहा ओतला, डाव्या हाताने, न सांडता. प्यायले. मग म्हणाले, "नऊ जणांचे... प्लग खिशात."

बशी खाली ठेवली आणि काठीने पलंगाखालची पेटी दाखवली. मिक्सर अजून तसाच होता, उलटा. मी आणला, भिंतीकडे बघितलं, प्लग निघालेलाच होता, तरी वायर ओढून तो हातात घेतला. हे माझ्या गाऊनकडे बघत राहिले. मीही बघितलं.

"थांबा," म्हटलं.

शिलाईची पेटी काढली, जुन्या चादरीचा चौकोन कापला आणि तिथेच, ह्यांच्यासमोर बसून हातानेच टाके घातले. खोल घेतला, प्लग वायरीच्या वेटोळ्यासकट मावेल एवढा.